जागायची पावडर

पत्र आलंय निपाणी भागातल्या एका वहिनींचं. गाव-नाव काढून टाकलंय, थोडं आटोपशीर केलंय, शब्द त्यांचेच आहेत.

"ताई, नवरा गोव्याला कंपनीत, महिन्यातून एकदा येतो. घरात आत्ती (सासूबाई), मामंजी, मी, माझी दोन पोरं आणि धाकटा दीर. मी नांदायला आले तेव्हा तो सातवीत होता, माझ्या हातची भाकरी खाऊन वाढला. आता चोवीस वर्षांचा आहे. हंगामात ट्रॅक्टरवर कारखान्याला ऊस घालतो. दोन हंगामांमागं यार्डात कुणीतरी त्याला जागायची पावडर दिली. पावडर म्हणतात, पण तुरटीच्या बारीक खड्यासारखं दिसतं. सुरुवातीला आम्हालाच बरं वाटलं. एका रात्रीत दोन खेपा करायचा. पोरगा राबतोय म्हणून मामंजी गावभर सांगायचे. आता तीन-तीन दिवस झोपत नाही, मग दोन दिवस उठत नाही. गालफडं बसलीत, दात किडलेत. गेल्या महिन्यात रात्री मोटरचा स्टार्टर उघडून बसला. सगळे स्क्रू पोत्यावर ओळीनं मांडायचा, मोडायचा, परत मांडायचा, उजाडेपर्यंत. उसातून कोणतरी बघतंय म्हणतो. तांदळाच्या डब्यात पुडी सापडली ती मी मोरीत ओतली, तर त्यानं माझा हात पिरगाळला. दुसऱ्या दिवशी एकजण बारा हजार मागायला दारात. आत्ती म्हणतात बाहेरची बाधा आहे. मामंजी म्हणतात लग्न करून टाकू, अंगावर पडलं की सुधारेल. येत्या रविवारी गडहिंग्लजकडं मुलगी बघायला जायचं ठरलंय. पोलिसात सांगावं तर त्यालाच आत टाकतील. काय करू?"

वहिनी,

बाकीचं सावकाश बोलू, आधी रविवारचं. मुलगी बघायला जायचं नाही. पुढं ढकलायचं नाही, रद्द करायचं. ज्याला तीन रात्री झोप नाही आणि उसात माणसं दिसतात, त्याच्या खोलीत एक परकी पोर नेऊन ठेवायची आणि तिला सांगायचं की आता तू याला सुधार? तुमचा हात पिरगाळून तो थांबला, कारण तुमच्या हातची भाकरी खाल्लीय त्यानं. तिच्या बाबतीत कुठं थांबेल?

गडहिंग्लजच का, हेही माझ्या लक्षात आलं. राज्याच्या हद्दीपलीकडं, महाराष्ट्रात, बातमी उशिरा पोचते. आपले रोटीबेटीचे व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या तिकडं आहेत, ते एकमेकांच्या शब्दावर चाललेत. तो शब्द असा वापरायचा नसतो.

हे मी वरच्या पायरीवर उभी राहून बोलत नाही. बावीस वर्षांपूर्वी माझ्या मावसभावाचं लग्न आम्ही असंच लावलं. त्याची दारू होती. 'बायको आली की ताळ्यावर येईल' असं बैठकीत म्हणणाऱ्यांत मी होते, आणि तेव्हा मी रुग्णालयात समाजसेविका म्हणून नोकरी करत होते, म्हणजे निदान मला तरी कळायला हवं होतं. ती मुलगी पाचव्या वर्षी माहेरी परतली, आता शिवणकाम करते. संक्रांतीला भेटते, तिळगूळ देते, आणि त्या विषयावर एक अक्षर काढत नाही. तिनं एकदा तरी भांडावं असं मला फार वाटतं.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य. 'सुरुवातीला आम्हालाच बरं वाटलं.' हे लिहायला धाडस लागतं. घरच्यांची पत्रं मी वर्षानुवर्षं वाचतेय, बहुतेक सगळी 'वाईट संगत' इथून सुरू होतात. तुम्ही खरं काय ते लिहिलंत. तुमच्या घरात हे चैनीतून आलेलं नाही, कामातून आलंय. त्याला मजा करायची नव्हती, त्याला खेप करायची होती. यार्डात गाडी नंबरला लावून रात्रभर ताटकळायचं, वजनकाटा झाला की तसंच रिकाम्या ट्रॉल्या घेऊन फडावर परत, पहाटे तोडणीची टोळी उभी असते, मुकादम बोंबलत असतो, ट्रॅक्टरचा हप्ता डोक्यावर. झोप हा शत्रू. त्या शत्रूवर कुणीतरी हत्यार दिलं.

या औषधाचा इतिहासच असा आहे. मेथॲम्फेटामाइन हे त्याचं नाव. १८९३ मध्ये जपानमध्ये ते पहिल्यांदा तयार झालं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैनिकांना त्याच्या गोळ्या वाटल्या, का, तर न झोपता चालता यावं म्हणून. जपाननं आपल्या सैनिकांना आणि कारखान्यांतल्या कामगारांना दिल्या. युद्ध संपल्यावर उरलेला साठा बाजारात आला आणि देशभर व्यसन पसरलं, शेवटी १९५१ मध्ये कायदा करून बंदी घालावी लागली. थायलंडमध्ये लांब पल्ल्याचे ट्रकवाले याच्या गोळ्या घ्यायचे, तेव्हा तिथं त्याला 'घोड्याचं औषध' म्हणत. पुढं लोकांची डोकी फिरलेली बघून तिथल्या सरकारनंच नाव बदललं, 'वेडाचं औषध' केलं. तुमच्या दिराचे दोन हंगाम म्हणजे हाच प्रवास आहे, घोड्यापासून वेडापर्यंतचा.

एक खुलासा, कारण आपल्याकडं सगळ्यालाच पोरं 'एमडी' किंवा 'पावडर' म्हणतात. एमडी म्हणून जे विकतात ते बहुतेक मेफेड्रोन असतं. तेही याच जातकुळीतलं, मेंदूला चाबूक मारणारं. तुम्ही तुरटीचा खडा लिहिलंय, त्यावरून हे 'आईस' किंवा 'क्रिस्टल' असावं, म्हणजे मेथॲम्फेटामाइन. नक्की काय ते लघवीच्या तपासणीत कळेल, आणि तीही घेतल्यापासून दोन-चार दिवसांतच करावी लागते. त्याला स्वतःला ठाऊक असेल यावर विसंबू नका. पुडीत काय आहे हे विकत घेणाऱ्याला कधीच ठाऊक नसतं. आणि ही मुंबईची थेरं आपल्याकडं कुठली, असं कुणी पारावर म्हणालं तर त्यांना ढोलगरवाडीचं नाव सांगा. चंदगड तालुक्यातलं खेडं, बेळगावपासून हाकेच्या अंतरावर. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबईचे पोलीस तिथं येऊन मेफेड्रोनचा कारखाना पकडून गेले. मार्च २०२४ मध्ये कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत तेच. अथणीवाल्यांना इरळी किती लांब ते विचारा.

आता स्क्रूंचं. ते वाचून तुम्हाला भूतबाधेसारखं वाटलं असेल, मला मात्र तिथंच निदानाची पहिली खूण दिसली. या जातीच्या औषधांत माणूस एखादी वस्तू उघडतो, सुटे भाग लावतो, मोडतो, परत लावतो, तासन्‌तास, आणि मध्येच उठवलं तर चिडतो. स्वीडनमधल्या व्यसनी मंडळींनी या छंदाला 'पंडिंग' असं नावच ठेवलं होतं. मेंदूत डोपामाइन नावाचं रसायन असतं, एखादं काम जमलं की 'शाब्बास' म्हणणारं. हे औषध त्याचा बांध फोडतं. मग एक स्क्रू लावला तरी शाब्बास, मोडला तरी शाब्बास. आठ-बारा तास ते चालतं. बांध रिकामा झाला की दोन दिवस अंथरुणात. उसातली माणसं त्यातच येतात. जागरण आणि औषध दोन्ही मिळून डोकं शंका तयार करतं, कानाला आवाज ऐकू येतात, कातडीखाली किडे वळवळतात असं वाटून माणूस अंग ओरबाडतो. दातांचं कारणही साधं आहे. तोंड कोरडं पडतं, माणूस दात खात राहतो, आणि तहानेला थंड गोड बाटल्या रिचवतो.

आत्तींना हे असंच समजावून सांगायचा आग्रह धरू नका, वाद होईल. त्यांना अमावास्येला आदमापूरला बाळूमामांच्या देवळात जायचं असेल तर जाऊ द्या, अंगारा लावू द्या, त्यांच्या जिवालाही काहीतरी आधार हवा. अट एकच, अमावास्येची वाट बघत डॉक्टर थांबवायचा नाही. कुणी मार देऊन, धूर देऊन, उपाशी ठेवून बाधा काढतो म्हणाला तर मात्र तिथून उठून यायचं.

पत्र वाचून झालं की, दिवा लागायच्या आत, एक काम करा. घरातलं तणनाशक, कीटकनाशक, जे काही असेल ते सगळं शेजारच्या घरी नेऊन कुलपात ठेवा. गोठ्यातल्या फळीवर अर्धी बाटली उरलेली असते, तीसुद्धा. औषध उतरतं ना, त्या दोन दिवसांत आणि नंतरचे आठ-पंधरा दिवस मन इतकं खाली जातं की जीव नकोसा होतो. शहरातल्या घरात त्या क्षणी हाताशी काही नसतं, आपल्या घरात डबा असतो. त्याला सरळ विचारायलाही घाबरू नका, 'जीव द्यावासा वाटतोय का?' विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही. असला तर बाहेर येतो. कोयते, खुरपी, सुरीसुद्धा नजरेआड करा.

तो जागा असताना, शंका घेत असताना, वाद घालायचा नाही. 'उसात कोणी नाही' म्हणालात तर तुम्हीही त्यांना सामील. 'होय, आहे' म्हणालात तर भीती पक्की. एवढंच म्हणा, 'मला कोणी दिसत नाही, पण तुला भीती वाटतीय हे कळतंय, मी इथं बसते.' दाराच्या बाजूला बसा, आत कोपऱ्यात नको. पोरांना आत्तींकडं पाठवा. भावकी गोळा करू नका, टीव्ही बंद, आवाज खाली. अंग तापलं, छातीत दुखायला लागलं, झटका आला, तर विचार करत बसू नका, १०८. मारहाणीवर आला तर तुम्ही आणि पोरं आधी बाहेर पडा, मग ११२. त्याला वाढवलंय म्हणून मार खायची जबाबदारी तुमच्यावर येत नाही.

आणि तो झोपला की झोपू द्या. 'दोन दिवस लोळतोय' म्हणून मामंजी त्याला उठवतात असं तुम्ही पुढं लिहिलंय. उठवू नका. उशाशी पाणी ठेवा, उठला की आंबील, भात-आमटी, जे जाईल ते द्या. अधूनमधून श्वास बघा. बोलणी करायची ती झोपून उठल्यावर दुसऱ्या दिवशी, पोट भरलेलं असताना. त्या वेळी तो तुमचा जुना दीर असतो, तास-दोन तास. डॉक्टरांचं नाव तेव्हाच काढा, आणि 'तू व्यसनी झालास' अशी सुरुवात नको. 'तुला झोप लागत नाही, चल, झोपेचं आणि दातांचं बघून येऊ.' यात खोटं काही नाही.

कुठं जायचं? कर्नाटक सरकारचा 'मनोचैतन्य' म्हणून कार्यक्रम आहे, त्यात मंगळवारी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ येतात. जाण्याआधी कोणाला तरी पाठवून त्या मंगळवारी डॉक्टर आहेत का याची खात्री करा, खेप वाया गेली की तो दुसऱ्यांदा येणार नाही. दाखल करायची वेळ आली तर बेळगावचं सिव्हिल, म्हणजे बिम्स, नाहीतर धारवाडचं डिमहान्स. ती मनोरुग्णांसाठीची जुनी सरकारी संस्था आहे, गावात 'धारवाडला नेलं' हा टोमणा झालाय तो तिच्यावरूनच. टोमणा ऐकून घ्या आणि जा. तुम्हाला निपाणीहून कोल्हापूर जवळ पडतं, तिथं सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे आणि भाषेची अडचण नाही. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून मराठीत हे काम करतंय.

भाषेचं मी उगाच काढलं नाही. इकडच्या रुग्णालयात, पोलीस ठाण्यात कागद कन्नडमध्ये असतो आणि आपली माणसं लाजेनं 'हूं हूं' करत अंगठा उठवतात. वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. शेजारचा कन्नड शाळेत शिकलेला एखादा पोरगा बरोबर न्या, पण तोंड बंद ठेवणारा. नर्सबाईला सांगितलं तरी ती समजावते, माझा अनुभव चांगला आहे. घरबसल्या बोलायचं तर १४४१६ हा टेलिमानसचा फुकट नंबर आहे, मराठी निवडता येते. व्यसनासाठी केंद्र सरकारचा वेगळा नंबर आहे, १४४४६. फोन तुम्ही स्वतःसाठीही करू शकता. पत्राच्या शेवटी 'मलाच झोप लागत नाही' असं एक वाक्य होतं, ते मी विसरलेले नाही.

डॉक्टरांकडून काय अपेक्षा ठेवायची तेही सांगते, नाहीतर दोन महिन्यांत निराश व्हाल. या व्यसनावर अशी गोळी नाही की जी घेतली आणि ओढ गेली. भास, झोप, उदासी यांवर औषधं आहेत आणि ती लागतात. बाकी काम बोलण्याचं, सवय बदलण्याचं आणि माणसाला गुंतवून ठेवण्याचं. भिंतींवर जाहिराती असतात ना, 'रुग्णाला न कळता व्यसन सोडवा'? त्यातली पूड भाकरीत घालायचा मोह होईल. घालू नका. त्यात काय असतं कोण जाणे. दारू सोडवायची एक गोळी असते, ती चोरून दिलेल्या माणसानं दारू प्यायली तर जिवावर बेतू शकतं. आणि या खड्याशी तिचा काडीचा संबंध नाही.

तो यायलाच तयार नसेल आणि स्वतःच्या किंवा तुमच्या जिवाला धोका असेल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात वाट आहे. घरच्या माणसाच्या अर्जावर, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एक डॉक्टर यांनी तपासून, तीस दिवसांपर्यंत दाखल करता येतं. ही वाट रुग्णालयातून जाते. रात्री जीपमधून चार धटिंगण येऊन उचलून नेतात, ती ही वाट नव्हे. अशी केंद्रं पुष्कळ उगवलीत. साखळीनं बांधणं कायद्यानं बंद आहे, उपचार म्हणूनसुद्धा. नोंदणीचा दाखला बघायला मागा, मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून कितीदा येतात विचारा, आणि 'पहिला महिना भेटता येणार नाही' म्हणाले तर पैसे भरू नका.

आता पोलीस आणि ते बारा हजार. तुमची भीती खोटी नाही, पण अर्धवट आहे. अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा. त्यात घेणारा आणि विकणारा यांत फरक आहे. मेथॲम्फेटामाइनच्या बाबतीत २ ग्रॅमपर्यंत अल्प मात्रा धरतात, ५० ग्रॅमच्या वर गेलं की व्यापारी, आणि तिथं कमीत कमी दहा वर्षं. घेणाऱ्यासाठी त्याच कायद्यात ६४अ कलम आहे. अल्प मात्रेच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यातला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला आणि ते पुरे केले, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट टाकले तर हे संरक्षण काढून घेता येतं. म्हणून आधी रुग्णालय. केसपेपर हा त्याच्या आजाराचा पहिला पुरावा, तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जपा.

पण तांदळाच्या डब्यातली पुडी त्याची होती की दुसऱ्याची ठेवायला दिलेली? बारा हजार मागायला माणूस येतो म्हणजे मला दुसरी शंका येते. उधारीवर माल घेणाऱ्याला पुढं माल पोचवायला लावतात. त्याच्याकडं ट्रॅक्टर आहे, रात्रीचा हद्दीच्या इकडं-तिकडं फिरतो, कोण अडवणार? पोरगा घेणाऱ्याचा पोचवणारा होतो तो असा, आणि मग ६४अ त्याच्या कामाला येत नाही. मोरीत ओतलंत त्याबद्दल मी बोल लावत नाही, मीही तेच केलं असतं. पुन्हा सापडलं तर मात्र हात लावू नका, पोरांना दूर ठेवा आणि आधी वकिलाला विचारा. बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, किंवा १५१०० ला फोन. बारा हजार देऊ नका. एकदा दिलेत की घर देणारं आहे हे त्यांना कळतं, पुढच्या वेळी वीस होतात. 'तो आजारी आहे, उपचार चालू आहेत, घरातून पैसे मिळणार नाहीत,' एवढं दारात उभं राहून, मामंजींनी बोलावं. धमकी दिली तर ११२. आणि यार्डात कोण विकतं ते १९३३ या नंबरवर सांगता येतं. तो अमली पदार्थांच्या तक्रारींसाठीचाच केंद्राचा नंबर आहे, तिथं आपलं नाव सांगायची गरज नाही. हा फोन शक्यतो घरातून करू नका, सांगलीच्या मावशीकडं गेलात की करा.

आता मला ज्याची सगळ्यात काळजी आहे ते. हंगाम. दोन-अडीच महिन्यांत धुराडी पेटतील. तुम्ही त्याला बरा करून आणाल, चेहऱ्यावर तजेला येईल, आणि मामंजी म्हणतील, आता ठीक आहे, बस ट्रॅक्टरवर. तसं झालं तर डिसेंबरात तुमचं दुसरं पत्र येईल. ज्या कामासाठी त्यानं हे घेतलं त्याच कामावर, त्याच यार्डात, त्याच रात्री, त्याच माणसांत. तिथली थंडी, डिझेलचा वास, उसाच्या मळीचा वास, एवढ्यानंसुद्धा ओढ उठते. त्याचा निश्चय कमकुवत आहे असं मी म्हणत नाही, मेंदूला त्या वासाबरोबर ते औषध आठवतं. मेंदूची चित्रं घेऊन झालेल्या अभ्यासांत वर्षभराहून जास्त काळ दूर राहिलेल्यांत डोपामाइनची यंत्रणा सुधारताना दिसलीय. म्हणजे सुधारणा होते, पण तिला हंगामाएवढी नाही, वर्षाएवढी मुदत लागते.

म्हणून या हंगामात तो ट्रॅक्टरवर बसणार नाही. ट्रॅक्टर भाड्यानं द्या, ड्रायव्हर ठेवा, हप्त्याचं बँकेत जाऊन आत्ताच बोला. पैसा कमी येईल, मला कळतंय. पण तीन रात्री जागलेला पोरगा दोन भरलेल्या ट्रॉल्या घेऊन तवंदी घाटात उतरतोय हे चित्र डोळ्यांसमोर आणा, मागच्या ट्रॉलीला दिवा नाही हेही त्यात धरा. त्याला दिवसाचं काम द्या. म्हशी, दूध, पाणी पाजणं. नवऱ्यानं गोव्यात त्याच्यासाठी काही काम बघितलं तर ते नको, निदान सहा महिने, तिथं तो एकटा पडेल. रोख पैसा हातात नको, पण त्याला चोरासारखं वागवायचंही नाही. परदेशात या व्यसनावर जो उपाय सगळ्यात चांगला लागू पडलाय तो फार साधा आहे: तपासणी स्वच्छ आली की लगेच काहीतरी छोटं बक्षीस. डॉक्टरांशी बोलून घरी तसं बसवता येईल. आठवडा स्वच्छ गेला की रविवारी मोटरसायकलची किल्ली, मित्रांबरोबर नव्हे, पुतण्यांना घेऊन फिरायला. दोन आठवडे गेले की तांबड्या रश्श्याचा बेत. हसू नका. 'शाब्बास' म्हणणारं रसायन आटलेल्या माणसाला बाहेरून शाब्बास लागते. घसरला तर बक्षीस नाही, भाषणही नाही, पुढच्या आठवड्यापासून परत सुरू.

घसरेल बहुतेक. एकदा तरी. सगळं पाण्यात गेलं असं त्या दिवशी वाटेल, तेव्हा हे पत्र काढून वाचा.

गावाचंही थोडं बोलते, तुम्ही विचारलं नसलं तरी. तुमचा एकच दीर घेतो असं नाही, यार्डात विकणारा एका गिऱ्हाइकासाठी उभा राहत नाही. अमेरिकेत आयोवा, मिसुरीसारख्या शेतीच्या राज्यांत हेच औषध गावोगावच्या गोठ्या-खोपटांत शिजायचं, शेतकऱ्यांच्या खताच्या टाक्यांतून अमोनिया चोरून. सरकारनं कच्च्या मालावर, सर्दीच्या गोळ्यांवर निर्बंध आणले, गावातल्या भट्ट्या थंडावल्या, आणि माल मेक्सिकोहून यायला लागला. पोरांची रात्र तशीच राहिली होती. आपल्याकडं १ नोव्हेंबरला, सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या काळ्या दिनाच्या फेरीला एका हाकेत माणसं जमतात, मीही जाते. त्याच सुमाराला गाड्या यार्डात लागतात. तिथं रात्री किती तास थांबवतात, झोपायला शेड आहे का, दुसरा ड्रायव्हर का ठेवत नाहीत, हे विचारायला मात्र कोणी जमत नाही. मामंजींना गावात मान आहे असं तुमच्या पत्रावरून दिसतं. पोरगा राबतोय म्हणून त्यांनी गावभर सांगितलं होतं, आता तीच चार घरं निवडून त्यांनी खरं काय ते सांगावं. एखाद्या घरातून 'आमचाही' असं येईल, बघा.

तो स्टार्टर वायरमनकडून दुरुस्त करून घेऊ नका. स्क्रू आणि सुटे भाग डब्यात भरून, झाकण लावून फळीवर ठेवा, मोटर तोवर शेजाऱ्याच्या स्टार्टरवर चालवा. पाच-सहा आठवडे झोप नीट झाली की डबा त्याच्यापुढं ठेवा, उजेडी, दुपारचा. फ्यूज काढलेला असू द्या.

आणि रविवारचा फोन तुम्ही करायचा नाही, मोडता घातला म्हणून आयुष्यभर तुमच्या नावावर बोल राहील. मामंजींनी करायचा. 'मुलाची तब्येत बरी नाही, वर्षभर लग्नाचं बघणार नाही,' एवढं पुरे. ते ऐकत नसतील तर नवऱ्याला शनिवारच्या गाडीनं बोलवा आणि हे पान त्याच्या हातात द्या.

— तुमची ताई